हवेचं दार : कोळसा खाण संग्रहालयाच्या एका शालेय सहलीचा प्रकरण अभ्यास

सहलीच्या आदल्या आठवड्यात मी वर्गाला एक कागद दिला. त्यावरचा पहिलाच प्रश्न होता : तू १८४० साली खाणीत काम करणारं मूल असतास, तर तुला कसं वाटलं असतं? अठ्ठावीस मुलांपैकी बहुतेकांनी एकच लिहिलं. भीती वाटली असती, वाईट वाटलं असतं. एकाने ‘खूप खूप खूप वाईट’ असं लिहून खाली रडका चेहरा काढला. मी सगळ्या उत्तरांना बरोबरच्या खुणा केल्या आणि कागद कपाटात ठेवून दिले.

सहल झाल्यावर ते कागद पुन्हा काढले, तेव्हा कळलं की मुलांचं काही चुकलं नव्हतं, माझा प्रश्न चुकला होता. तो कसा चुकला, जमिनीखाली एकशेचाळीस मीटरवर कसा उघडा पडला आणि नंतर मी त्याच्या जागी काय विचारायला लागले, हे इथे सविस्तर मांडते आहे. खाणी, गिरण्या, कारखाने बघायला मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना त्यातलं काही उपयोगी पडावं.

शाळा, वर्ग आणि मी

शाळा इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरची, प्राथमिक. वर्ग इयर फाइव्ह, म्हणजे नऊ ते दहा वर्षांची मुलं. या भागात लोकरीच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी अगदी शेजारी शेजारी होत्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे पणजोबा-आजोबा पाकिस्तानातून आणि गुजरातेतून गिरण्यांत रात्रपाळी करायला आले. काही मुलं इथल्याच जुन्या खाण-कुटुंबांतली. बाकीच्यांना कोळसा म्हणजे बागेत मांस भाजताना लागणारी काळी वस्तू, एवढंच ठाऊक. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात इतिहासाखाली स्थानिक इतिहासाचा अभ्यास करायचा असतो. इथे राहून कोळसा सोडून स्थानिक इतिहास शिकवणं म्हणजे चंद्रपूरला राहून किल्ला आणि खदान दोन्ही वगळण्यासारखं.

चंद्रपूरचं नाव ओघात आलं नाही. मी तिथलीच, लालपेठच्या बाजूची. माझे वडील भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होते. आपल्याकडच्या कायद्यानुसार पाळी सुरू होण्याआधी कामाची जागा तपासायची, ज्वलनशील वायू आहे का ते बघायचं, छत ठोकून बघायचं आणि जागा सुरक्षित वाटली तरच कामगारांना आत सोडायचं, ही सरदाराची जबाबदारी. घरी आल्यावर बाबा फार बोलत नसत. छताबद्दल मात्र एक वाक्य कायम तोंडात : “छत बोलते माय, आपल्याले ऐकू आलं पाहिजे.” लहानपणी मला ते भुताच्या गोष्टीसारखं वाटायचं.

हे सगळं पाठीशी असूनही मी वर्गाला तो प्रश्न दिला. कारण इथे हा विषय तसाच शिकवला जातो. तयार मिळणाऱ्या बहुतेक पाठांत व्हिक्टोरियन काळातलं बिचारं मूल असतं, अंधार असतो आणि शेवटी ‘आपण किती भाग्यवान’ असतं. मुलांना ते पटकन समजतं, वर्गात दोन मिनिटं शांतता पसरते, आणि शिक्षकाला वाटतं की धडा पोचला.

जागा

आम्ही गेलो ते इंग्लंडचं राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालय. वेकफील्ड आणि हडर्सफील्ड यांच्या मधे ओव्हरटन गावाजवळची कॅपहाउस कोलियरी, म्हणजे कोळसा खाण, हेच ते संग्रहालय. खाण १९८५ साली बंद झाली, १९८८ साली तिथे यॉर्कशायरचं खाण संग्रहालय सुरू झालं आणि १९९५ साली त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. वर प्रदर्शन दालनं आहेत, कामगारांची न्हाणीघरं आहेत, तबेल्यात खरी तट्टं आहेत. पण मुलं येतात ती खाली जायला. केजमधून, म्हणजे पिंजऱ्यासारख्या पाळण्यातून, खऱ्या चानकातून (खाणीच्या उभ्या विहिरीतून) उतरायचं आणि खऱ्या बोगद्यांतून चालायचं. सोबत असतो तो पूर्वी स्वतः खाणीत काम केलेला माणूस.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, केलिंगली, १८ डिसेंबर २०१५ रोजी बंद झाली. म्हणजे हाताने हे काम केलेली माणसं यापुढे नव्याने तयार होणार नाहीत. जी आहेत ती म्हातारी होत चालली आहेत. काचेमागची कुदळ शंभर वर्षांनीही तशीच असेल. ती कशी धरायची हे सांगणारा नसेल.

तयारीत काय केलं

दोन आठवडे आधी मी वर्गाला सारा गुडरची जबानी वाचून दाखवली. १८४० साली ब्रिटिश सरकारने खाणींतल्या मुलांच्या कामाची चौकशी करायला आयोग नेमला, त्याचा अहवाल १८४२ साली आला. आयोगाच्या माणसांनी मुलांशी बोलून त्यांची उत्तरं लिहून घेतली होती. सारा आठ वर्षांची, बार्न्झलीजवळच्या गॉबर खाणीत दार सांभाळणारी. तिची उत्तरं अशी :

“मी गॉबर खाणीत दार सांभाळते. त्याने दमायला होत नाही, पण मला उजेडाशिवाय दार सांभाळावं लागतं आणि मला भीती वाटते. मी पहाटे चारला, कधी कधी साडेतीनला जाते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर येते. मी कधी झोपत नाही. उजेड असला की कधी कधी गाते, पण अंधारात नाही. तेव्हा गायची हिंमत होत नाही.”

मी ‘भीती वाटते’पाशी थांबले. वर्गही तिथेच थांबला. ‘मी कधी झोपत नाही’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि त्यावरून पुढे निघून गेलो.

एक मुलगा मात्र थांबला नाही. त्याचे आजोबा याच परिसरातल्या एका खाणीत होते. प्रश्नांचा कागद त्याने कोराच परत दिला. का, असं विचारलं तर म्हणाला, “माझ्या आजोबांना वाईट वाटायचं नाही. त्यांना ते काम आवडायचं.” मी त्याला समजावलं की आपण फार जुन्या काळाबद्दल बोलतोय, तुझ्या आजोबांबद्दल नाही. त्याने मान हलवली. आज मला वाटतं, सगळ्या वर्गात त्या दिवशी विषयाच्या सर्वांत जवळ तोच होता आणि मी त्याला बाजूला सारलं.

बाकीची तयारी नेहमीची. पालकांची संमतीपत्रं, धोक्यांचा तक्ता, कोणाला दमा आहे, कोण कोणत्या मोठ्या माणसाबरोबर. खाली बॅटरीवर चालणारी कुठलीही वस्तू नेता येत नाही, हे पत्रात ठळक लिहिलं होतं. तरी दोन मनगटी घड्याळं निघालीच.

तो दिवस

जूनचा शेवट, सकाळी पाऊस. वर्गाचे दोन गट केले. एक खाली, एक वर, मग अदलाबदल.

केजपाशी पोचायच्या आत एका मुलीने माझा हात घट्ट धरला आणि खाली यायला नकार दिला. रडली नाही, हट्ट नाही; फक्त पाय उचलेना. तिला अंधाराची भीती वाटते हे आईने कळवलं होतं, पण ती स्वतः म्हणाली होती की जमेल. अशा वेळी मुलाला ‘चल, काही होत नाही’ म्हणून रेटायचं नाही, हे मला ठाऊक होतं. पण तिला नुसतं बाकावर बसवून ठेवलं असतं, तर दिवसभर ती ‘न गेलेली’ मुलगी राहिली असती.

तेवढ्यात गाइड गटाला पितळी बिल्ल्याबद्दल सांगत होते. खाली जाताना कामगार आपल्या नंबरचा बिल्ला घेऊन जायचा, वर आल्यावर परत करायचा. पाळी संपल्यावर ज्याचा बिल्ला जागेवर नाही तो अजून खाली आहे, हे वरच्या माणसाला कळायचं. स्फोट झाला, पाणी शिरलं, तर कोणाला शोधायचं याची यादी म्हणजे हेच बिल्ले. आमच्याकडे लॅम्प रूममध्ये हेच होतं; बाबांचा टोकन नंबर आईला पाठ होता.

मी वर्गाची यादी त्या मुलीच्या हातात दिली. सांगितलं, तू बिल्लाघर सांभाळ. कोण खाली गेलं त्यावर खूण कर, वर आल्यावर दुसरी खूण कर, आणि सगळे आल्याशिवाय इथून हलू नकोस. एका सहायक शिक्षिकेला तिच्याजवळ ठेवलं. ही योजना आधी ठरवलेली नव्हती, पण त्या दिवशी सर्वांत नीट जमलेली गोष्ट तीच निघाली.

खाली उतरल्यावर सुरुवातीची पाचसात मिनिटं मुलं माझ्या अपेक्षेप्रमाणेच वागली. हेल्मेट एकमेकांवर आपटणं, दिव्याचा झोत डोळ्यांत मारणं, ओरडून प्रतिध्वनी ऐकणं. मग जुन्या काळाचा देखावा आला. बाप कोळसा फोडतोय, आई गाडी ओढतेय आणि लाकडी दाराआड एक लहान मूल बसलंय. गाइडनी सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितलं.

खाणीतला अंधार रात्रीसारखा नसतो. रात्री डोळे सरावतात. इथे कितीही वेळ थांबा, स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसत नाही. कोणीतरी खुदकन हसलं, मग तेही थांबलं. मला वाटलं, आता ते ‘कसं वाटतंय’ असं विचारतील. इथेच माझा प्रश्न त्यांच्या तोंडून येणार, आणि मुलं मी तयार केलेलं उत्तर देणार.

त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. दिवे लावायला सांगून त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि विचारलं की आता हवा कुठून जाईल.

पुढचा भाग मी जमेल तितका तपशिलात लिहिते, कारण सगळं वळण इथेच आहे. खाणीत हवा आपोआप सगळीकडे पोचत नाही. एका चानकातून ताजी हवा खाली येते, दुसऱ्यातून वापरलेली बाहेर जाते. जुन्या काळी दुसऱ्या चानकाच्या तळाशी मोठी भट्टी पेटवून ठेवत. गरम हवा वर जाई आणि तिच्यामागोमाग ताजी हवा आत ओढली जाई. पण हवा आळशी असते, जवळची वाट मिळाली की तिथूनच निघून जाते. तिला लांबच्या टोकापर्यंत, जिथे माणूस कोळसा फोडतोय तिथपर्यंत न्यायचं असेल, तर मधल्या सगळ्या जवळच्या वाटा दारांनी बंद कराव्या लागतात. आणि याच वाटांनी कोळशाच्या गाड्या येत-जात असल्याने ती दारं भिंतीसारखी कायमची बंदही करता येत नाहीत. गाडी आली की उघडायचं, गेली की लगेच लावायचं. एक दार उघडं राहिलं, तर हवा जवळच्या वाटेने निसटते, लांबच्या टोकाला मिथेन हा ज्वलनशील वायू साठतो आणि पुढच्या माणसाची उघडी ज्योत त्याला पेटवायला पुरते. हम्फ्री डेव्हीचा सुरक्षादीप १८१५ सालचा. पण तो आला म्हणून दारांची गरज संपली नाही.

गाइडच्या प्रश्नाला उत्तर दिलं ते नेहमी वर्गात उशिरा येणाऱ्या एका मुलाने. म्हणाला, हवा शॉर्टकट घेईल. मग दुसरी मुलगी म्हणाली, आणि शेवटच्या माणसाला मिळणारच नाही. तिसऱ्याने विचारलं, त्या मुलाला झोप लागली तर? गाइड काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त दार ढकलून लावलं. लाकूड चौकटीवर बसल्याचा जाड आवाज आला.

माझ्या डोक्यात सारा गुडरचं वाक्य उमटलं. मी कधी झोपत नाही. पहिल्यांदा वाचताना ते मला दुःखाचं वाटलं होतं : बिचारीला झोपही नाही. आता ते वेगळं ऐकू आलं. सरकारी माणूस समोर बसून लिहून घेतोय आणि आठ वर्षांची मुलगी त्याला सांगतेय की मी माझं काम नीट करते. भीती वाटते हेही तिने सांगितलं, ते तितकंच खरं. पण तिने दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी वर्गाला एकच दिली.

थोडं पुढे गेल्यावर गाइडनी हातातल्या काठीने छत ठोकून दाखवलं. भरीव छताचा आवाज कसा, सुटलेल्या दगडाचा पोकळ आवाज कसा. मग लाकडी टेकूंबद्दल सांगितलं : दाब वाढला की लाकूड करकरतं, माणसाला पळायला वेळ मिळतो, लोखंड तेवढं सांगत नाही. मनगटाचा तो झटका, काठी लागल्यावर मान किंचित तिरकी करून ऐकणं, मी यापूर्वी पाहिलं होतं. बाबा घरातल्या नव्या स्लॅबखाली उभं राहून गंमत म्हणून हेच करून दाखवायचे. चंद्रपूर आणि यॉर्कशायर, भाषा वेगळी, चामडी वेगळी, आणि हात तोच. मी मुलांना ते तिथेच सांगितलं. माझे वडील हे काम करायचे, असं म्हटल्यावर सगळे दिवे एकदम माझ्या तोंडावर आले.

त्या मुलाने, ज्याने कोरा कागद दिला होता, विचारलं, “मिस, त्यांना आवडायचं का ते?” मी म्हटलं, कामाची त्यांना शान होती, आणि खोकला अजून आहे.

वर आल्यावर जेवणाची सुट्टी. स्नॅप म्हणजे इथल्या खाणकामगारांचा डबा. पत्र्याचा, पावाच्या तुकड्याच्या आकाराचा, उंदरांनी कुरतडू नये म्हणून. मुलांनी आपले प्लास्टिकचे डबे काढून त्या शब्दाचा दिवसभर पुरेल एवढा वापर केला. बिल्लाघराची राखणदार मुलगी मात्र दुसरा गट वर येईपर्यंत जेवली नाही. यादीवर तिने खुणांशेजारी वेळही लिहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर

मी जुना प्रश्न फळ्यावर लिहिला आणि खोडला. नवे प्रश्न असे दिले : दार सांभाळणाऱ्याला काय काय माहीत असायला हवं? गाडी येतेय हे अंधारात त्याला कसं कळायचं? त्याने एकदा चूक केली तर कोणाला, किती वेळाने कळेल? आणि ज्याच्यावर इतक्या जणांचा जीव आहे, ते काम मालकाने सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला का दिलं असेल?

उत्तरांत फरक लगेच दिसला. आधीची उत्तरं एकेका ओळीची, जवळजवळ एकसारखी. आताची अर्ध्या पानाची आणि एकमेकांपासून वेगळी. एकाने लिहिलं, रुळांचा थरथराट हाताने कळेल, म्हणून मी हात रुळावर ठेवून बसेन. एकीने लिहिलं, मी मोजत राहीन, म्हणजे झोप येणार नाही. शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर मी अजून जपून ठेवलं आहे : “कारण लहान मूल स्वस्त असतं आणि दार जड नसतं.” इतिहासाच्या तासाला अर्थशास्त्र शिकवावं लागलं नाही.

इथे एक अडचण आली आणि ती लपवणं बरोबर नाही. दोन मुलांनी लिहिलं की हे काम मस्त आहे, आम्हालाही आवडलं असतं. म्हणजे कीव गेली, तिच्याजागी साहसकथा आली. कामाचा आदर शिकवताना त्यातला अन्याय पुसला जाण्याचा धोका खरा आहे, आणि संग्रहालयातल्या स्वच्छ, उजेडाच्या, सुरक्षित खाणीत तो जास्तच आहे. पाऊण तास अंधार बघणं वेगळं, बारा तास त्यात बसणं वेगळं.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी सिल्कस्टोनचा दगड वर्गात आणला, म्हणजे त्याचे फोटो आणि त्यावरचा मजकूर. खरं तर सहलीच्या दिवशीच तिथे जायचं ठरवलं होतं, पण वेळ पुरला नाही. सिल्कस्टोन हे बार्न्झलीच्या पश्चिमेचं गाव. ४ जुलै १८३८ रोजी तिथे प्रचंड गारपीट आणि पाऊस झाला. पाण्याने बॉयलरची आग विझली, केज ओढणारं इंजिन थांबलं, खाली असलेली माणसं अडकली. काही मुलांनी वाट न बघता जंगलात निघणाऱ्या तिरक्या बोगद्याने चढून बाहेर पडायचं ठरवलं. एरवी कोरडा असणारा ओढा फुगून त्याच बोगद्यात घुसला, मुलं खाली ढकलली गेली आणि हवेच्या दारावर जाऊन आदळली. पाण्याच्या दाबाने ते दार उघडेना. सव्वीस मुलं बुडाली, सर्वांत लहान सात वर्षांचं, सर्वांत मोठं सतरा. अकरा मुली, पंधरा मुलगे.

तेच दार. ज्याने हवा पोचवायची, त्याच्यामागे मुलं बुडाली. माझ्या वर्गाने ते दार हाताने ढकलून पाहिलं होतं, त्याचा आवाज ऐकला होता. म्हणून हे वाचताना त्यांना चित्र काढून दाखवावं लागलं नाही. कोणीही ‘मस्त’ हा शब्द पुन्हा वापरला नाही.

चर्चच्या आवारातल्या त्या स्मारकावर मुलांची नावं आणि वयं कोरली आहेत. मजकूर सांगतो की परमेश्वराने गडगडाट, वीज, गारा आणि पाऊस पाठवला आणि ही मुलं आपल्या निर्मात्यासमोर हजर व्हायला बोलावली गेली. खाण कोणाची होती तेही नाव दगडावर आहे, पण दोष फक्त आभाळाला. मी मुलांना विचारलं की या मजकुरात काय सुटलं आहे. बराच वेळ गेला. मग एका मुलीने हळूच विचारलं, “पाऊस देवाने पाठवला, पण मुलांना खाली कोणी पाठवलं?”

या घटनेने देश हलला आणि पुढे चौकशी आयोग, अहवाल आणि १८४२ चा कायदा आला. कायद्याने सगळ्या बायका-मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखालच्या कामातून बाहेर काढलं. वर्गात मी एक साधी गोष्ट केली. ज्यांची दहा वर्षं पूर्ण झाली आहेत त्यांनी उभं राहा. जून संपत आला होता, त्यामुळे जवळजवळ सगळा वर्ग उभा राहिला. मग म्हटलं, मुलींनी बसा. उभे राहिलेले मुलगे एकमेकांकडे बघत होते. कायदा झाला, अहवालातली चित्रं बघून देश हळहळला, आणि तरी हे सगळे सोमवारी खाली गेले असते. बसलेल्या मुलींपैकी एक म्हणाली, आणि आमचा पगार? तोही प्रश्न त्या काळी खऱ्या बायकांनी विचारला होता. भारतात आज सोळा वर्षांवरचे प्रशिक्षणार्थी सोडले, तर अठरा वर्षांखालच्या कोणालाही खाणीत कामाला लावता येत नाही, हे मी सांगितलं. कायद्यापासून तिथवर पोचायला किती पिढ्या गेल्या, तेही.

आजोबा

कोरा कागद देणाऱ्या मुलाच्या आजोबांना मी वर्गात बोलावलं. ते यायला तयार नव्हते. पोरांना काय सांगायचं, सगळं संपलं, असं म्हणाले. शेवटी नातवाने आणलं. त्यांनी स्नॅपचा डबा, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या आणि आपला बिल्ला टेबलावर ठेवला. ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपाबद्दल मुलांनी विचारलं, तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत संपवलं आणि मी पुढे रेटलं नाही. ती जखम इथे अजून घराघरांत आहे.

पण काम कसं करायचो हे विचारल्यावर ते उभे राहिले आणि अर्धा तास बसले नाहीत. मधे दोनदा श्वास लागला म्हणून खिडकीजवळ गेले. मुलांनी दोन्ही पाहिलं. त्यांना शब्दांत ‘शान’ आणि ‘धूळ’ वेगवेगळी सांगायची गरज उरली नाही. नातू पहिल्या बाकावर ताठ बसला होता.

काय जमलं नाही, आणि पुढच्या खेपेला

दुसऱ्या गटाला खाली वेळ कमी मिळाला आणि त्यांच्या लेखनात ते दिसलं. मी खाली न्यायला दिलेले, पाटीला लावलेले लिहायचे कागद निरुपयोगी ठरले. हेल्मेटच्या दिव्यात कोणी लिहीत नाही आणि लिहिणारं मूल ऐकत नाही. यंत्रांच्या दालनात आवाज इतका होता की मुलांनी नुसते कान झाकले. नव्या काळातल्या यांत्रिक खाणकामावर माझ्याकडे धड प्रश्नच नव्हते. तट्टांवर तर काही बोलूनच झालं नाही, आणि मुलांनी घरी सांगितलं ते सगळ्यात आधी तट्टांबद्दलच.

पुढच्या वर्षी मी क्रम बदलला. सहलीआधी भावनांचा एकही प्रश्न नाही. त्याऐवजी वर्गात टेबलं लावून बोगदे केले, कागदी पंख्याने वारा सोडला आणि कुठलं दार उघडं ठेवलं की धाग्याची पताका हलायची थांबते ते मुलांनी शोधलं. सारा गुडरची जबानी सहलीनंतर वाचली, आणि मुलांना विचारलं की यातलं कुठलं वाक्य ती सगळ्यात ठासून म्हणाली असेल. सिल्कस्टोनला बस थांबवली. महाराष्ट्रातल्या शिक्षकांसाठी हे दूरचं वाटू नये. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफिल्ड्सने खाण पर्यटन सुरू केलं आहे, आणि चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कुठल्याही वर्गात एखादा सरदार, ओव्हरमन किंवा लोडर नातवंडाला शाळेत सोडायला येतच असतो. त्याला गेटवरून परत पाठवू नका.

बाबांना मी फोनवर त्या दाराबद्दल विचारलं. त्यांच्या खाणीतही हवेची दारं होती, जोडीजोडीने. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच शिकवायचो, म्हणाले. मग विचारलं, तुझ्या पोरांनी ठोकून पाहिलं का छत?

बिल्लाघराचं काम आता आमच्या सहलीत कायमचं झालं आहे. पहिल्या वर्षी ते एका घाबरलेल्या मुलीसाठी सुचलं होतं. यंदा त्यासाठी तीन मुलांनी हात वर केले, आणि तिघांपैकी एकालाही अंधाराची भीती वाटत नाही.